पक्का रंग आणि नदीचे पाणी

वाशीम हे रंगकामाचे शहर म्हणून कोणी ओळखत नाही. येथील माणूस सोयाबीन, तूर आणि कापूस यांच्या भावाविषयी तासभर बोलेल. पण सांडपाण्यातील रंग आणि तो मोडणारे अतिसूक्ष्म कण हा विषय व्याख्यानासाठी निवडला म्हणजे त्याच्या मनात पहिला प्रश्न येणार तो हाच की, याचे आपल्याशी नाते काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देऊन पुढे जाण्याची आमची इच्छा नाही. नाते आहे आणि ते दुहेरी आहे. ज्या कापडावर हे रंग चढतात त्याचा कापूस वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून जातो. आणि ज्या काढ्यांतून आज प्रयोगशाळांत हे कण तयार होतात तसले काढे आपल्याकडचे रंगारी पिढ्यान् पिढ्या उकळीत आले होते. पहिले नाते आपण विसरलो, कारण कापूस गावाबाहेर गेला की त्याचे पुढे काय होते हे दिसत नाही. दुसरे विसरलो, कारण रंगाऱ्यांची भट्टी विझून शंभराहून अधिक वर्षे झाली.

रंगाच्या इतिहासात दोन जाती वेगळ्या ओळखल्या पाहिजेत, नाही तर पुढचे काहीच उमगणार नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेचा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, हे तेथील शिलालेखच सांगतो. अजिंठ्याच्या भिंतींवरचा तांबडा आणि पिवळा रंग गेरू व पिवळी माती यांचा, हिरवा एका हिरव्या मातीचा, काळा काजळीचा, आणि निळा बदख्शानकडून आलेल्या लाजवर्द दगडाचा. ही सर्व रंगद्रव्ये, म्हणजे न विरघळणाऱ्या दगडामातीची पूड. ती पाण्यात टाकली तर तळाशी बसतात. कापडाला असला रंग चालत नाही. कापडाचा रंग पाण्यात विरघळला पाहिजे, धाग्याच्या आत शिरला पाहिजे, आणि एकदा शिरला की पुन्हा त्याच पाण्याने सुटता कामा नये. अशा रंगाला आपण रंजक म्हणू. विरघळावे आणि विरघळू नये, या दोन उलट मागण्या एकाच पदार्थाकडे करणे हे रंगाऱ्याच्या धंद्याचे सारे कौशल्य होय.

वऱ्हाडातील रंगाऱ्याने ही अडचण कशी सोडविली होती ते थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. तांबड्या रंगासाठी येथे आल नावाचे झाड लावीत. त्याच्या जातीला कोठे कोठे बारतोंडी असेही म्हणतात. तीन-चार वर्षांनी झाड खणून काढायचे आणि मुळ्यांची साल घ्यायची, कारण रंग मुळीच्या सालीत असतो. पण नुसत्या सालीच्या पाण्यात कापड बुडविले तर धुण्याबरोबर रंग निघून जाई. म्हणून कापड आधी तेलाने भिजवीत, हिरड्याच्या काढ्यातून काढीत, मग तुरटीचे पाणी देत, आणि त्यानंतर आलीच्या कढईत उकळीत. हिरड्यातील तुरट द्रव्य धाग्याला धरते, तुरटीतील ॲल्युमिनियम त्याला धरतो, आणि रंग त्या ॲल्युमिनियमला. हिरडा नसला तर धावड्याचा पाला. हे रंगबंधकाचे शास्त्र रंगाऱ्यांनी लिहून ठेवले नाही. ते हाताला ठाऊक होते.

निळाऱ्याचे काम याहून चमत्कारिक. नीळ पाण्यात मुळीच विरघळत नाही. म्हणून तो माठात चुना आणि गूळ यांसारखी द्रव्ये घालून ती आंबवी. आंबता आंबता निळा रंग नाहीसा होई आणि पाणी पिवळट हिरवे दिसू लागे. या रूपातली नीळ विरघळते. कापड त्यात बुडवून वर काढले म्हणजे हवा लागताच डोळ्यांदेखत ते निळे होई. नीळ मेली नव्हती, तिने वेष पालटला होता. ही गोष्ट श्रोत्यांनी मनात जपून ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

या जुन्या धंद्याचे सांडपाणी अगदी निर्मळ होते असे मानण्याची एक गोड सवय आपल्याला लागली आहे. ती खरी नव्हे. निळीच्या माठाला दुर्गंधी असे, आणि तेल-तुरटीचे पाणी ओढ्यात सोडलेले कोणालाही प्यावेसे वाटले नसते. फरक होता तो दोन गोष्टींत: माल थोडा होता, आणि त्यातला बराचसा भाग ओढ्यातले जीवजंतू खाऊन टाकीत. झाडाच्या मुळीत तयार झालेला पदार्थ मोडण्याची विद्या निसर्गात कोणाला तरी अवगत असतेच.

1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला तो कर्जापायी. पण इंग्रजांचा डोळा होता कापसावर. अमेरिकेतील यादवी युद्धाने 1861 ते 1865 पर्यंत तिकडचा कापूस अडला आणि येथला भाव चढला. 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कारंज्यालाही मूर्तिजापूर-यवतमाळची ती अरुंद गाडी लाभली, जिला लोक पुढे ‘शकुंतला’ म्हणू लागले. वाशीम तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण होते. 1905 मध्ये तो जिल्हा अकोल्यात विलीन झाला आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा निराळा झाला. कापसाचे गाठोडे गेले, कापड होऊन परत आले. आणि परत येताना ते नव्या रंगाचे होते.

हा नवा रंग कोठला? 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी डांबरातून निघणाऱ्या ॲनिलीनपासून कोयनेल बनविण्याच्या खटपटीत होता. कोयनेल झाले नाही, जांभळा रंग झाला. त्याच शहरात, त्याच सुमारास, वृद्ध मायकेल फॅरेडे सोन्याच्या क्षारातून इतके बारीक सोने तयार करीत होता की ते पाण्यात तरंगत राही आणि पाणी माणकासारखे लाल दिसे. त्याविषयीचे त्याचे व्याख्यान 1857 च्या फेब्रुवारीत झाले. एकाने कृत्रिम रंजकांचे युग उघडले. दुसऱ्याने, ज्याला आज नॅनो कण म्हणतात त्याचे पहिले शास्त्रशुद्ध निरीक्षण केले. नदी रंगविणारा पदार्थ आणि तो धुऊन काढण्याची आशा ज्यावर आज बांधली जात आहे तो पदार्थ, ही दोन्ही वर्षभराच्या अंतराने एकाच गावात पुढे आली, आणि शंभराहून अधिक वर्षे परस्परांची गाठ पडली नाही.

पर्किननंतरची चाल वेगवान झाली. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठाच्या जातीतील तांबडा रंग, अलिझरिन, प्रयोगशाळेत बनविला; 1869 मध्ये त्याचे एकस्व मिळविण्यासाठी जर्मन कंपनी आणि पर्किन यांचे अर्ज एका दिवसाच्या अंतराने दाखल झाले. आलीचा रंग याच कुळातला. तीन वर्षे वाट पाहून मुळ्या खणाव्या, त्यापेक्षा डबा उघडावा हे कोणत्याही रंगाऱ्याला सोयीचे होते. आलीची शेती मोडली ती कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे, हिशेबाने. 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि निळाऱ्याच्या माठाचीही तीच गत झाली.

यानंतर रसायनज्ञांपुढे एकच ध्यास राहिला: रंग उन्हाने विटू नये, साबणाने जाऊ नये, घामाने उतरू नये. नायट्रोजनचे दोन अणू जोडून होणाऱ्या ‘अझो’ जातीचे रंजक हजारोंनी निघाले. 1956 मध्ये इंग्लंडात असे रंजक विक्रीला आले की ते सुताच्या धाग्याशी रासायनिक बंधच जोडतात. रंगाऱ्याचे जुने स्वप्न पुरे झाले. परंतु कढईत घातलेला सगळा रंग धाग्याला धरत नाही. या बंध जोडणाऱ्या रंजकांचा काही भाग, कधी कधी निम्म्यापर्यंत, पाण्याशीच बंध जोडून वाया जातो आणि मोरीत उतरतो. वर किलोभर कापड रंगवायला शंभर लिटर आणि त्याहूनही अधिक पाणी लागते. आता जो पदार्थ ऊन, साबण आणि घाम यांना दाद देऊ नये म्हणून मुद्दाम घडविला, तो नदीतल्या जंतूंना आणि उन्हाला दाद देईल ही अपेक्षाच चुकीची. नदीतला रंग हा कारखान्याच्या अपयशाचा पुरावा नाही. तो रसायनज्ञाच्या यशाचा पुरावा आहे. आमच्या मते या सबंध इतिहासाचे मर्म येथे आहे.

महाराष्ट्राचा या विद्येत वाटा मोठा आहे. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रविद्या विभाग 1933 साली निघाला तो बऱ्याच अंशी कापड-गिरण्यांच्या गरजेपोटी. तेथे प्रमुख असलेले कृष्णस्वामी वेंकटरामन यांचा कृत्रिम रंजकांवरील ग्रंथ 1952 पासून प्रसिद्ध होऊ लागला आणि जगभर प्रमाण मानला गेला. 1957 मध्ये तेच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. ही प्रयोगशाळा आमच्या कथेत पुन्हा येईल, आणि उलट्या बाजूने येईल.

या रंगाची किंमत प्रथम मोजली ती मजुरांनी. 1895 मध्ये फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे दाखवून दिले. अझो रंजक मोडला की त्यातून ॲमीन जातीची द्रव्ये निघतात आणि त्यांतली काही कर्करोग आणतात, हे पुढे कळले. आपल्या देशात बेन्झिडीनवर आधारलेल्या 42 रंजकांवर 1993 मध्ये आणि आणखी 70 अझो रंजकांवर 1997 मध्ये बंदी आली. महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 पासून आहे, देशाचा जलप्रदूषणाचा कायदा 1974 पासून. तरीही 2017 च्या ऑगस्टमध्ये तळोज्याच्या कासाडी नदीकाठची भटकी कुत्री निळी झालेली लोकांनी पाहिली. 2020 च्या फेब्रुवारीत डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रस्ता गुलाबी झाला. इचलकरंजीचे लोक पंचगंगेविषयी काय बोलतात ते त्यांच्याकडूनच ऐकावे. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या रंगशाळांनी नोय्यल नदीची अशी दशा केली की 2011 च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने त्या सर्व बंद करण्याचा हुकूम दिला. कुत्री निळी झाली तेव्हा वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली; त्या नदीतल्या माशांचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

आता उपायाकडे वळू. 1972 मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी असे दाखविले की टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला असता पाण्याचे विघटन होते. हा पदार्थ म्हणजे भिंतीला लावायच्या पांढऱ्या रंगातलीच पूड. प्रकाश पडला की तिच्या पृष्ठावर पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक नावाचे अत्यंत क्षुब्ध कण निर्माण होतात. ते जवळ सापडेल त्या कार्बनी पदार्थावर तुटून पडतात आणि, पुरेसा वेळ दिला तर, रंजकाचा शेवट कर्बवायू, पाणी आणि साधे क्षार यांत करतात. झिंक ऑक्साइडही असेच काम करतो. सारे काम पृष्ठावर चालते, म्हणून पूड जितकी बारीक तितकी बरी. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचे पृष्ठ सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर सगळ्यांचे मिळून पृष्ठ 600 चौरस मीटर, म्हणजे जवळ जवळ सहा गुंठे भरते. बोराएवढ्या खड्यातून सहा गुंठे शेत!

असे कण बनवायचे तर पूर्वी विषारी द्रव्ये आणि मोठा ताप लागे. 1998 मध्ये अनास्टास आणि वॉर्नर यांनी हरित रसायनाची बारा तत्त्वे मांडली. आपला जिल्हा पुन्हा जन्मला तेही हेच वर्ष. पुढे पुण्याच्या त्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीकडून, आणि मग 2003 मध्ये जिरेनियमच्या पानांच्या काढ्याने, चांदीचे नॅनो कण तयार करून दाखविले. 2004 मध्ये गवती चहाच्या काढ्यातून त्यांनी सोन्याचे त्रिकोणी पत्रे मिळविले. ज्या संस्थेने रंजकशास्त्राचा आचार्य संचालक म्हणून पाहिला, तिनेच पानांच्या काढ्याचा हा मार्ग दाखविला. आमच्या विद्यापीठातही, म्हणजे अमरावतीस, महेंद्र राय यांनी बुरशीजन्य चांदीच्या कणांवर आणि त्यांच्या जंतुनाशक गुणावर केलेले काम सर्वत्र उद्धृत होते.

काढ्यात असते काय? तेच, जे हिरड्यात होते. झाडपाल्यातील तुरट, बहुफिनॉली द्रव्ये चांदीच्या क्षाराला इलेक्ट्रॉन देऊन धातूरूप करतात आणि कणांभोवती कवच धरून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. चांदीच्या क्षाराचे स्वच्छ पाणी पाहता पाहता पिवळे, मग तपकिरी होते. आलीच्या मुळ्यांच्या अर्कापासूनही चांदीचे कण करून झाले आहेत. जिची शेती 1869 नंतर मोडली ती मुळी पुन्हा उकळली जात आहे, निराळ्या हेतूने.

येथे मात्र उत्साहाला जरा लगाम घातला पाहिजे. ‘हरित’ हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. झिंक किंवा टायटॅनियमच्या ऑक्साइडात काढ्याचे काम धातू वेगळा करण्याचे नसतेच. तो कण वाढताना त्यांना आवर घालतो, आणि मग ती पूड चार-पाचशे अंशांवर भाजावी लागते. भट्टीची वीज कोठून आली हे निबंधात कोणी लिहीत नाही. चांदीच्या कणांनी रंग घालविण्याचे पुष्कळ प्रयोग सोडियम बोरोहायड्राइड नावाचे तीव्र द्रव्य घालून केलेले असतात. त्यात कण केवळ मध्यस्थ. आणि रंजक मोडतो तो ऑक्सिजनने जळून नव्हे, उलट क्षपण होऊन. अझो रंजक अशा तऱ्हेने मोडला तर उरतात ती ॲमीने, ज्यांच्यामुळे बंदी घालावी लागली ती. पाणी नितळ दिसते आणि अधिक घातक झालेले असू शकते.

येथेच निळाऱ्याचा माठ आठवावा. प्रयोगशाळांचा आवडता रंजक म्हणजे मेथिलीन ब्लू, 1876 चा. त्यात साखर आणि अल्क घालून ठेवा, निळा रंग जातो. बाटली हलवून हवा मिसळा, परत येतो. गूळ, चुना आणि नीळ यांचाच हा दुसरा खेळ. प्रयोगाच्या शेवटी यंत्र पाहते ते फक्त 664 नॅनोमीटरच्या आसपासचा निळेपणा किती उरला एवढेच. तो उरला नाही की ‘अठ्ठ्याण्णव टक्के विघटन’ असे लिहून मोकळे. आमच्या जुन्या निळाऱ्याला हा निष्कर्ष कोणी वाचून दाखविला असता तर त्याने एवढेच विचारले असते की, हवा लावून पाहिलीत काय?

आणखी अडचणी आहेत त्या थोडक्यात सांगतो. प्रयोगशाळेतले पाणी ऊर्ध्वपातित असते. रंगशाळेच्या पाण्यात मीठ, सोडा आणि साबण असतो आणि क्षुब्ध मूलके त्यांच्यावरच खर्ची पडतात. टायटॅनियमला लागतो तो अतिनील प्रकाश उन्हात चार-पाच टक्केच असतो. वऱ्हाडच्या वैशाखातही तो त्याहून फारसा वाढत नाही. आणि ही पूड गाळून परत मिळाली नाही तर तीच नवे प्रदूषण. चांदीच्या बाबतीत तर उघडच आहे: जी जंतूंना मारते म्हणून औषधाला हवी, ती शुद्धीकरणाच्या हौदात गेली तर सांडपाणी खाणाऱ्या उपकारक जंतूंनाही मारील. म्हणून कण काचेवर किंवा मण्यांवर बसविणे, लोहयुक्त करून लोहचुंबकाने ओढून घेणे, अशा युक्त्या चालू आहेत; आमच्या मते कण बनविण्याच्या नव्या पाककृतींपेक्षा या युक्त्यांत अधिक अर्थ आहे. पाने पुष्कळ आहेत. प्रत्येक झाडाच्या पाल्यावर एक निबंध लिहिला तरी पंचगंगा नितळणार नाही.

मग वाशीम-कारंज्याच्या महाविद्यालयांतील मुलांनी काय करावे? त्यांच्याजवळ महागडी यंत्रे नाहीत हे खरे. पण ऊन आहे, हिरडा आणि धावडा आहे, आणि पाण्याची चणचण असल्यामुळे पाण्याची किंमत कळते. रंगशाळेचे खरे पाणी, मिठासकट, डब्यात भरून आणावे. छपरावर उन्हात प्रयोग करावा. रंगाबरोबर रासायनिक ऑक्सिजन-मागणीही आधी व नंतर मोजावी. ती चाचणी पदवीच्या प्रयोगशाळेत होते. तिच्यात लागणारे क्रोमियम मोरीत ओतू नये, नाही तर एका विषाची परीक्षा दुसऱ्याने केल्यासारखे होईल. पाण्यात काही बीज रुजवून पाहावे, शक्यतो ज्वारीचे. आणि निर्वर्ण झालेले पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यात निळी झाक परतली आहे काय, ते पाहावे.